डिझायनर आणि फर्निचर कारखाना यांची जोडी कशी जमवावी: माजिस्त्रेत्ती आणि कासिना यांच्या कामावरून

फर्निचरचा डिझायनर आणि ते बनवणारा कारखाना यांचे संबंध आपल्याकडे बहुधा एका कामापुरते असतात. आराखडा द्यायचा, दर ठरवायचा, माल उचलायचा आणि काही बिनसले तर एकमेकांकडे बोट दाखवायचे, अशी ही रीत आहे. या रीतीने एखादी खुर्ची तयार होते. परंतु वर्षानुवर्षे विकली जाईल आणि डिझायनर व कारखानदार या दोघांचेही नाव राखील अशी वस्तू त्यातून क्वचितच निघते. त्यासाठी एकमेकांच्या कामात हात घालण्याची मुभा दोघांनीही एकमेकांना द्यावी लागते. ही मुभा कशी द्यावी, कुठवर द्यावी आणि कागदावर काय लिहून घ्यावे, हे समजून घेण्यासाठी मिलानचे वास्तुविशारद विको माजिस्त्रेत्ती आणि मेदा येथील कासिना कंपनी यांच्या सहकार्याइतके उपयोगी उदाहरण मला दुसरे दिसत नाही. फर्निचर हा व्यवसाय म्हणून करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या वाचकासाठी त्या सहकार्यातील कृतीत आणता येतील अशा गोष्टी पुढे मांडल्या आहेत.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. माजिस्त्रेत्ती (१९२०–२००६) यांनी १९४५ मध्ये मिलानच्या पोलितेक्निकोतून वास्तुकलेची पदवी घेतली आणि त्यांचे बरेचसे फर्निचर इमारतींच्या कामातूनच उगवले. कासिना ही चेझारे आणि उंबेर्तो या भावांनी १९२७ मध्ये उभी केलेली कंपनी. मेदा हे गाव मिलानच्या उत्तरेस ब्रियान्त्सा या पट्ट्यात येते आणि हा सारा पट्टा पिढीजात सुतारांचा व गादीकाम करणाऱ्यांचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवासी जहाजांच्या अंतर्गत सजावटीची कामे कासिनाकडे आली. त्यामुळे एकसारखा माल मोठ्या संख्येने आणि ठरल्या दिवशी देण्याची शिस्त कारखान्याला लागली, तसेच जिओ पोंती यांच्यासारख्या वास्तुविशारदांबरोबर एका टेबलाशी बसून काम करण्याची सवयही जडली. १९६० च्या सुमारास माजिस्त्रेत्ती या कारखान्याशी जोडले गेले आणि हे नाते पुढे दोन दशकांहून अधिक काळ चालले.

जोडीदार कसा पारखावा

कारखाना निवडताना तेथील यंत्रे मोजण्याआधी तेथील मालक किंवा मुख्य मिस्त्री आपल्याला उलट प्रश्न विचारतो का, हे पाहावे. आराखड्यावर ओझरती नजर टाकून जो ‘होऊन जाईल’ म्हणतो, त्याने आराखडा वाचलेला नसतो. ‘पाय इतका बारीक ठेवलात तर आडव्या दांड्यासाठी भोक पाडल्यावर तिथे लाकूड उरेल किती?’ असे जो विचारतो, त्याचा दर थोडा चढा असला तरी त्याच्याशी बोलणे वाढवावे.

या प्रश्नाचे उत्तर माजिस्त्रेत्ती यांच्या कारिमाते खुर्चीत डोळ्यांना दिसते. कोमोजवळच्या कारिमाते येथील गोल्फ क्लबच्या इमारतीचे काम करताना त्यांनी ही खुर्ची तिथल्यासाठी आखली आणि पुढे कासिनाने ती ८९२ या क्रमांकाने आपल्या उत्पादनात घेतली. बीच लाकडाचे कातीव, गोल पाय मधल्या भागात सडपातळ आहेत. जिथे आडवा दांडा पायात शिरतो नेमक्या त्या ठिकाणी मात्र पाय फुगीर होतो. म्हणजे सांध्याला लागणारे लाकूड सांध्यापाशीच ठेवले आहे आणि बाकीच्या लांबीत ते कातून टाकले आहे. बैठक गवताच्या विणकामाची, अगदी खेड्यातील खुर्चीची. रंग मात्र चकचकीत लाल. ही खुर्ची पाहिली की कातारी आणि वास्तुविशारद यांचे कुठेतरी सविस्तर बोलणे झाले असले पाहिजे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

या खुर्चीपासून दुसरीही एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. नवख्या डिझायनरने कारखानदाराकडे पहिल्यांदा जाताना संगणकावरील गुळगुळीत चित्रांची चळत नेण्याऐवजी खऱ्या जागेत, खऱ्या माणसांच्या वापरात असलेली एक वस्तू दाखवावी. एखाद्या वाचनालयासाठी केलेला बाक असेल किंवा खानावळीसाठी केलेली टेबले असतील, तर कारखानदाराला तिथे घेऊन जावे. चित्रावर विश्वास ठेवण्यासाठी त्याला कल्पनाशक्ती लागते, तर वापरलेली वस्तू तो उलटी करून तिचे सांधे पाहू शकतो.

अंतराचाही विचार करावा. मिलान ते मेदा हे अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. सकाळी निघालेला माणूस नमुना पाहून दुपारी आपल्या टेबलाशी परत येऊ शकतो. ज्या कारखान्यात जाण्यासाठी मुक्कामाची तयारी करावी लागते, तिथे आपण महिन्यातून एकदाच जातो आणि अधल्यामधल्या काळातील सगळे निर्णय आपल्यावाचून होतात. पहिला जोडीदार तरी जवळचा असावा, असे माझे मत आहे.

कल्पना फोनवर सांगता आली पाहिजे

चांगली कल्पना टेलिफोनवरून सांगता येते, चित्राची गरज पडत नाही, असे माजिस्त्रेत्ती नेहमी म्हणत. वरवर पाहता हे विधान विनोदी वाटते, परंतु भागीदारीच्या दृष्टीने ती एक कडक परीक्षा आहे आणि ती प्रत्येक नव्या कामाच्या आरंभी स्वतःला द्यावी.

उदाहरणार्थ, १९७७ चे त्यांचे नुवोला रोस्सा हे पुस्तकांचे मांडण घ्या. ‘घडीच्या शिडीसारखी उघडणारी लाकडी चौकट आणि तिच्या दोन्ही बाजूंवर टेकणाऱ्या, काढता येणाऱ्या फळ्या’ एवढे सांगितले की पलीकडच्या माणसाला ते दिसू लागते. १९८१ च्या सिंदबादचेही तसेच आहे. लंडनमध्ये घोड्याच्या पाठीवर टाकायची झूल त्यांच्या पाहण्यात आली आणि त्यातून ‘साध्या सांगाड्यावर झूल टाकावी तसे, कडेला वेगळ्या रंगाची पट्टी असलेले कव्हर टाकलेली आरामखुर्ची’ ही कल्पना निघाली. गादीकामाच्या धंद्यात कापड ताणून, शिवून, खिळून बसवायची पद्धत असते; इथे ते सैल टाकायचे आणि काढता यावे असे ठेवायचे, हे एका वाक्यात कारखान्याला कळले.

ही परीक्षा देण्याची पद्धत सोपी आहे. वस्तूचे वर्णन दोन किंवा तीन वाक्यांत लिहावे, त्यात मापे व रंग घालू नयेत, आणि ते कारखान्यातल्या माणसाला फोनवरून वाचून दाखवावे. मग त्याला काय समजले ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावावे. त्याच्या सांगण्यात मूळ मुद्दा हरवला असेल तर दोष बहुधा कल्पनेत असतो. ती अजून नुसती आकृती आहे, तिच्यात वस्तूचे कारण आलेले नाही. मूळ मुद्दा टिकला आणि तपशील बदलले असतील तर ते तपशील लिहून ठेवावेत, कारण काही वेळा ते आपल्या तपशिलांपेक्षा सरस निघतात.

यामागे कामाची एक विभागणीही आहे. माजिस्त्रेत्ती यांची मिलानमधील कचेरी अगदी लहान होती. तपशिलाची कितीतरी आखणी ते उत्पादकाच्या माणसांवर सोपवत आणि आपण मूळ कल्पनेवर पहारा देत. हे अनुकरणीय आहे, पण एका अटीवर: काय सोपवले आणि काय सोपवले नाही, हे आधी ठरलेले असावे. सांधा कोणता, फोम किती घट्ट, स्क्रू कुठून आत जातो, हे कारखान्याने ठरवावे. बैठकीची उंची, पाठीचा कोन, वस्तू दुरून कशी दिसते आणि तिच्यात काय मुळीच बदलायचे नाही, हे डिझायनरने ठरवावे. ही दुसरी यादी लहान ठेवावी. पंचवीस गोष्टी ‘बदलायच्या नाहीत’ असे लिहून देणाऱ्याला जोडीदार नको असतो, त्याला मजूर हवा असतो.

नमुन्यावर काम कसे करावे

खरे सहकार्य नमुन्यापाशी सुरू होते, म्हणून या भागाला सर्वांत अधिक वेळ द्यावा.

मारालुंगा सोफ्याची हकीकत प्रसिद्ध आहे. आरामखुर्चीचा एक नमुना कारखान्यात तयार झाला होता आणि तो कुणाच्याच मनास उतरत नव्हता. चेझारे कासिना यांनी वैतागून त्याच्या पाठीवर असा तडाखा दिला की पाठ मोडून खाली लोंबली. माजिस्त्रेत्ती म्हणाले की आता ती बरोबर दिसते आहे. त्या मोडलेल्या पाठीतून वरचा भाग दुमडणारा सोफा निघाला: भाग खाली वळवला की पाठ बुटकी होते, उभा केला की डोके टेकता येते. तो कोणत्याही स्थितीत थांबावा यासाठी आत सायकलच्या साखळीचा उपयोग केला गेला. १९७३ मध्ये मारालुंगा बाजारात आला, १९७९ मध्ये त्याला कोंपासो दोरो हा इटलीतील डिझाइनचा मानाचा पुरस्कार मिळाला आणि कासिनाच्या सर्वाधिक ओळखीच्या वस्तूंमध्ये आजही त्याची गणना होते.

ही हकीकत सांगून सांगून थोडी घोटीव झाली असणार, हे मला मान्य आहे. तरीही तिच्यातील तीन गोष्टी कामाच्या आहेत. पहिली म्हणजे नमुना पूर्ण आकाराचा होता; दहावा हिस्सा आकाराच्या प्रतिकृतीवर कुणी तडाखा मारत नाही. दुसरी म्हणजे पैसे लावणारा माणूस स्वतः नमुन्यापाशी उभा होता आणि त्याला आपली नापसंती दाखवण्याची भीड नव्हती. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे: मोडलेल्या वस्तूकडे डिझायनरने नवीन वस्तू म्हणून पाहिले, आणि कारखान्यात त्याच क्षणी ‘मग हे असे थांबवायचे कसे?’ या प्रश्नाला भिडणारी माणसे होती. साखळीची युक्ती नसती तर लोंबती पाठ ही नुसती गंमत राहिली असती.

त्यावरून नमुन्याच्या बैठकीची रीत अशी ठरवता येते. पहिला नमुना स्वस्त लाकडाचा, पॉलिश न केलेला आणि शक्य तर अर्धवट शिवलेला असावा. चकचकीत नमुना कापायला कुणाचा हात धजत नाही. नमुना पाहायला मालक, नमुना बनवणारा मिस्त्री आणि डिझायनर हे तिघे एकाच वेळी हजर असावेत. विक्री पाहणाऱ्याला दुसऱ्या खेपेला बोलवावे, कारण पहिल्याच खेपेला किमतीचा विषय निघाला की विचार तिथेच थांबतो. बोलण्याआधी प्रत्येकाने त्यावर किमान दहा मिनिटे बसावे, तेही पाठ टेकून, एका कुशीवर कलून आणि शेवटी हात न टेकता उठून. नापसंत झालेला भाग तिथेच करवतीने कापावा किंवा कपड्याची घडी घालून उंच करावा. निर्णय झाल्यावर खडूने नमुन्यावरच लिहावा, तारीख घालावी आणि फोटो काढून ठेवावा. रद्द झालेले नमुने लगेच सरपणात टाकू नयेत. वर्षभर तरी ते माळ्यावर असू द्यावेत.

अपघातातून मिळालेल्या सोफ्याच्या शेजारी, त्याच कारखान्यातून निघालेली पण उलट वाटेने आलेली एक खुर्ची ठेवून पाहावी. जिओ पोंती यांची सुपरलेज्जेरा ही ती खुर्ची. लिगुरियातील कियावारी गावात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून बनत आलेल्या हलक्या खुर्चीपासून पोंती यांनी सुरुवात केली. १९५० च्या दशकाच्या आरंभी कासिनाने त्यांची ६४६ क्रमांकाची लेज्जेरा काढली. ती विकली जात होती, तरी पोंती आणि कारखान्यातील सुतार तिच्यातील लाकूड कमी करत राहिले आणि १९५७ मध्ये ६९९ क्रमांकाची सुपरलेज्जेरा आली. ॲश लाकडाच्या पायांचा छेद त्रिकोणी आहे आणि त्याची जाडी अवघी १८ मिलिमीटर. बैठक वेताने विणलेली आणि सबंध खुर्चीचे वजन १.७ किलोग्रॅम. एका लहान मुलाने ती एका बोटावर उचलून धरल्याचे छायाचित्र गाजले. ती चौथ्या मजल्यावरून खाली टाकून पाहिली आणि न मोडता चेंडूसारखी उसळली, असे सांगतात. मजल्यांचा हिशेब काहीही असो, विक्रीला आणण्याआधी खुर्ची मोडण्याचा प्रयत्न स्वतः कारखान्यानेच करावा, हा त्यातील व्यवहार आपण घ्यावा.

इथे कारखान्याच्या बाजूने एक प्रश्न उरतो: विकला जाणारा माल असताना पुन्हा त्यावर खर्च का करावा? उत्तर असे की पहिल्या खुर्चीचे साचे, लाकूड आणणारा व्यापारी, विणकाम करणारे हात हे सारे जुळलेले असतात. त्यामुळे दुसऱ्या आवृत्तीचा खर्च नव्या वस्तूपेक्षा पुष्कळ कमी येतो. म्हणून करार करतानाच एक वस्तू निघाल्यावर ठरावीक काळाने दोघांनी तिच्याकडे पुन्हा पाहायचे, असे कलम घालावे.

करारात काय असावे

इटलीतील या पिढीचे डिझायनर बहुधा कारखान्याचे नोकर नव्हते. ते बाहेरून काम करत आणि विक्रीवर रॉयल्टी घेत. त्यामुळे वस्तू दीर्घकाळ विकली जावी यात दोघांचाही स्वार्थ असे. एकरकमी मानधन घेऊन मोकळा झालेला डिझायनर तिसऱ्या वर्षी येणाऱ्या तक्रारीसाठी कारखान्यात फिरकत नाही. रॉयल्टीची टक्केवारी ठरवण्याआधी ती कोणत्या किमतीवर मोजायची ते ठरवावे. कारखान्यातून बाहेर पडतानाची किंमत आणि दुकानातील किंमत यांत मोठे अंतर असते आणि भांडणे बहुतांशी तिथेच होतात. नमुन्यांचा खर्च कोणाचा, वस्तूवर नाव कोणाचे, नवे लाकूड किंवा नवे माप आणताना कोणाची संमती लागेल, आणि कारखान्याने उत्पादन थांबवले तर किती काळाने हक्क डिझायनरकडे परत येतील, हे चार मुद्दे लेखी असावेत.

कारखानदार ‘आमच्याशिवाय दुसरीकडे काम करायचे नाही’ अशी अट घालतो, तेव्हा माजिस्त्रेत्ती यांचे उदाहरण त्याच्यापुढे ठेवावे. कासिनासाठी काम करत असतानाच त्यांनी आर्तेमिदेसाठी एक्लिस्से आणि ओलुचेसाठी आतोल्लो हे दिवे केले, आणि दोन्ही गाजले. त्यामुळे कासिनाचे काही अडले नाही, कारण दिवा आणि सोफा यांची स्पर्धा नसते. बंधन घालायचेच असेल तर ते वस्तूच्या प्रकारापुरते ठेवावे.

भारतात काम करणाऱ्याने कायद्याची बाजू आधी सांभाळावी. डिझाइन्स ॲक्ट, २००० नुसार नोंदणीकृत डिझाइनला प्रथम दहा वर्षे आणि नूतनीकरण केल्यास आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. मात्र डिझाइन नवे असणे आवश्यक असते, म्हणून नोंदणीचा अर्ज करण्याआधी वस्तूचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नयेत. ‘माझा कॉपीराइट आहेच’ या भरवशावरही राहू नये. नोंदणीस पात्र असलेल्या डिझाइनची नोंदणी केली नाही आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने इतर कुणी त्या डिझाइनच्या पन्नासाहून अधिक वस्तू औद्योगिक पद्धतीने काढल्या, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्या डिझाइनमधील कॉपीराइट संपतो. खुर्चीच्या बाबतीत पन्नास हा आकडा एका मध्यम हॉटेलच्या मागणीतच ओलांडला जातो. नोंदणी कोणाच्या नावावर करायची, हेही करारातच लिहावे. ते राहून गेले तर पुढे वकिलाची फी दोघांनाही पडते.

माल बाजारात गेल्यानंतर

कारिमाते खुर्ची इंग्लंडमध्ये लोकांपर्यंत पोहोचली ती टेरेन्स कॉनरन यांनी लंडनमध्ये १९६४ साली सुरू केलेल्या हॅबिटॅट या दुकानातून. योग्य दुकानदार शोधणे हे कारखान्याचे काम असले, तरी डिझायनरने दुकानात जाऊन विक्रेता वस्तूबद्दल काय सांगतो ते ऐकावे. दुमडणारी पाठ दुमडून दाखवलीच नाही तर मारालुंगा हा एक साधा सोफा आहे.

सगळेच जसेच्या तसे उचलता येणार नाही, हेही लक्षात घ्यावे. १९६० च्या दशकातील ब्रियान्त्सामध्ये कुशल कारागीर मुबलक होते, देशात नवी घरे उठत होती आणि १९६१ पासून मिलानला फर्निचरचे वार्षिक प्रदर्शन भरू लागल्याने परदेशी खरेदीदार दाराशी येत होता. असा काळ मागून मिळत नाही. परंतु नमुन्यापाशी तिघांनी हजर राहणे, कल्पना दोन वाक्यांत सांगणे आणि हक्क परत येण्याचे कलम घालणे, यांपैकी कशालाही तो काळ लागत नाही.

शेवटी कागदपत्रांची व्यवस्था. भागीदारी दोन माणसांच्या मैत्रीवर उभी असली की त्यांपैकी एक गेल्यावर ती कोसळते. चेझारे कासिना यांच्यानंतरही १९८१ मध्ये सिंदबाद आणि १९८३ मध्ये वेरांदा या आरामखुर्च्या त्याच कारखान्यातून निघाल्या, कारण तोवर काम करण्याची पद्धत कारखान्यात मुरली होती. माजिस्त्रेत्ती यांच्या मिलानमधील कचेरीत आज त्यांच्या नावाची संस्था व संग्रहालय आहे आणि त्यांची रेखाटने तिथे जपलेली आहेत. आपल्या कामातही प्रत्येक वस्तूचा मंजूर नमुना, त्याची मापे, फोम व कापडाचे तुकडे आणि बदलांची तारीखवार नोंद यांचा एक संच कारखान्यात व एक डिझायनरकडे ठेवावा. त्या नोंदीवर दोघांच्या सह्या असाव्यात आणि वर्षातून एकदा, शक्यतो हिशेब मिटवण्याच्या बैठकीतच, दोन्ही संच एकमेकांशी ताडून पाहावेत.